क्लोरीनमुक्त घर

३ मार्च. सकाळी ११.
नळाच्या पाण्याला आज पुन्हा क्लोरीनचा वास. वर्षभरात केस गळाले, ढेरी सुटली, प्रमोशन हुकलं. कारण आत्ता सापडलं. इंटरनेटवर तीन तास वाचन. उद्यापासून घर क्लोरीनमुक्त.

४ मार्च.
पद्धत सोपी. पाणी उघड्या पिंपात ठेवायचं, क्लोरीन उडून जातं. बाल्कनीत तीन पिंपं मांडली. कपडे कुठे वाळत घालायचे, असं बायकोने विचारलं. दूरदृष्टीचा अभाव.

६ मार्च.
सासरे राहायला आले. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात. टाकीत क्लोरीन सोडणं हेच काम. तरी मोठ्या मनाने त्यांना दोन तास विषय समजावला. बरं म्हणाले आणि पिंपातलं ग्लासभर पाणी प्यायले. विज्ञानापुढे अनुभव नमला.

९ मार्च.
पिंपांच्या कडेला हिरवट थर. पाणी जिवंत झाल्याची खूण. बायको घासायला निघाली होती, वेळेवर अडवलं.

१० मार्च. ऑफिस.
सकाळपासून चार वेळा जाऊन आलो. अंगात मुरलेलं क्लोरीन बाहेर पडतंय. साहेबांना कल्पना दिली. त्यांनी खुर्ची मागे घेतली.

११ मार्च.
सासऱ्यांचंही क्लोरीन बाहेर पडू लागलं. साठा तीस वर्षांचा, वेळ लागणारच. बायको डॉक्टरकडे नेऊ म्हणत होती. उद्यापर्यंत वाट पाहू म्हटलं.

१२ मार्च.
वाट पाहायला नको होती. सकाळी सासरे चक्कर येऊन बाथरूमच्या दारात पडले. दवाखान्यात सलाइन लावलंय. डॉक्टरबाईंनी घरच्या पाण्याबद्दल विचारलं, मी पद्धत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. विषयात रस असावा.

१३ मार्च. दवाखाना.
सासऱ्यांना उतार आहे. बायकोने बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की पहिल्या घोटालाच बाबांना सगळं कळलं होतं. पिऊ नका म्हणून तिने विनवलंही. पण जावईबापूंनी एवढ्या हौसेने केलंय, त्यांच्या घरी राहून नाही कसं म्हणायचं, असं त्यांचं उत्तर. ती स्वतः पहिल्या दिवसापासून माझ्या नकळत शेजारणीकडून नळाचं पाणी भरून आणते. म्हणजे प्रयोगात आम्ही दोघंच होतो.

आत गेलो. सासऱ्यांना तहान लागली होती. कोपऱ्यातल्या नळावर ग्लास भरून दिला. त्यांनी वास घेतला. मग ग्लास तसाच हातात धरून, अगदी संकोचाने मला विचारलं, की याला क्लोरीन आहे, प्यायलो तर चालेल ना.

चालेल म्हटलं.