ठमाबाई सांगतील तसं

६ जानेवारी, सोमवार
कॅमेऱ्याला तांदूळ ओळखायला शिकवायला आज सुरुवात! गिरणीच्या मागची बंद खोली, काळी ताटली, तीत एकच दाणा. मी फोटो काढायचा आणि शेजारी बसलेल्या ठमाबाई सांगतील ते लिहायचं — चांगला की डागी. त्या इथे पेणला जवळच्या कासू गावाहून येतात. तीस वर्षं याच गिरणीत तांदूळ निवडतायत. मी बी.एस्सी. झालेली, पण माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही. स्वतःचं मत एकदाही लिहिलं नाही.

१४ जानेवारी
दोन हजार फोटो झाले. ठमाबाईंनी तिळाच्या वड्या आणल्या. "खा गो. मशीनला काय दात नाय."

२७ जानेवारी
नव्या शंभर दाण्यांवर परीक्षा घेतली. शहाण्णव ठिकाणी मशीन आणि ठमाबाई यांचं एकमत! गिरणीमालक दत्ताशेठनी स्वतः चहा सांगितला. मी ठमाबाईंचा हात कितीतरी वेळ धरून बसले होते.

३ फेब्रुवारी
तापामुळे तीन दिवस घरी होते. माझ्या जागी ऑफिसातली भाविका बसली आणि शंभरातल्या बेचाळीस दाण्यांवर मशीन आणि ठमाबाई यांचं जुळलं नाही. शेठ म्हणाले, "म्हातारीचं वय झालं. मशीन आहे ना आता! उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा त्यांना." सांगायचं मीच!
मशीनच चुकलं असणार. भिंग घेऊन बेचाळीसही दाणे पाहिले.
मशीन बरोबर होतं.

४ फेब्रुवारी
सांगितलं नाही. हा माझा भित्रेपणा की माया? ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी
ठमाबाईंना पेणमध्येच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. ऑपरेशन करता येईल. डॉक्टर म्हणाले, "तांदळाचा दाणा? यांना ताटली दिसली तरी पुष्कळ. गेलं वर्षभर तरी असंच असणार."
मग महिनाभर बरोबर कसं सांगत होत्या?  रिक्षात मी विचारलं नाही.

६ फेब्रुवारी
आज त्या आपणहून बोलल्या. "डागी दाना आला की तुझा श्वास अडकतो गो. तेवढा ऐकून सांगत व्हते. काम जाईल म्हणून बोलले नाय."
 त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.
"शेठला मला काढायचं तर काढू दे. पन मशीनला शिकवलं तू — ते त्याला आधी सांग."