बटाट्याच्या वाफ्यातले चमचे

बिरुताताई, धाकट्या वेल्टाचा गालाला पापा.

इथे कुल्डिगाला लेकाकडे मी मजेत आहे. गुंतार्सने जमिनीतलं जुनं लोखंड-पितळ शोधायचं नवीन यंत्र आणलंय. हातभर खोल खिळा असला तरी कोकलतं. कानांना डबडी लावून नवरदेवासारखा मिरवतो! पण तो खणायला जातो जंगलात, आणि तिथे महायुद्धातले बॉम्ब अजून जिवंत आहेत गं. शेजारच्या एल्मार्सचा तिथेच खणताना हात गेला. गुंतार्स म्हणतो, "आई, मी जपून खणतो." एल्मार्सही हेच म्हणायचा.

म्हणून तो घरीच रमावा यासाठी मी गुपचूप परसातल्या बटाट्याच्या वाफ्यात जुने चमचे, खिळे पुरते. काल ओरडला, "आई, परसात केवढा खजिना!" म्हटलं, "खण बाबा, बटाटेही निघतील."

तुझे गुडघे कसे आहेत? गोठ्यातले गंजके नाल लगेच धाड. माझ्याकडे पुरायला आता ह्यांनी लग्नात बोटात घातलेली अंगठीच उरलीय.

तुझीच खोडकर,
वेल्टा