ऐकू आली, असं मी म्हणालो होतो

वैशाखरे, ता. मुरबाड
१६ नोव्हेंबर २०२५

बाईजा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चुलीत घातलं नसशील, तर पुढचं वाच. पाव्हण्यांना माझा नमस्कार सांग, शीतलला आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे धरतात. भात झोडून घरात आलं. परतीच्या पावसानं वरच्या खाचरातलं थोडं आडवं केलं, पण खायला पुरेल. नाचणी अजून माळावर उभी आहे. आमच्या पंकजला कल्याणला कुरिअरच्या ऑफिसात काम लागलं, सकाळच्या जीपनं जातो. शेजारच्या मंगळूनं म्हैस घेतली, ती मारकी निघाली.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. त्याचं कारण पुढे येईल. मला दमानं लिहू दे. नववी सोडल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती.

गणपती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मला चक्कर सुरू झाली. सकाळी उजव्या कुशीवर वळलो आणि आढं गरागरा फिरायला लागलं. डोळे मिटले तरी फिरणं थांबेना. उठून बसलो की जरा वेळानं ठीक. वर बघितलं, खाली वाकलो, की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बांधावर वाकलो आणि तसाच चिखलात आडवा झालो. गवताचे भारे घेऊन दोन बाया येत होत्या, त्या मला पाहून लांबून वळून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, नवशा सकाळीच लावून पडला होता. दारूला मी कधी शिवलो नाही हे तुला माहीत आहे. पण सांगत कोणाकोणाला फिरू?

मुरबाडच्या डॉक्टरनं प्रेशर, शुगर बघितली. दोन्ही ठीक. म्हणाले, हे कानाचं असेल. शहापूरला दर गुरुवारी कानाची तपासणी करणाऱ्या मॅडम येतात, त्यांना दाखवा. डोकं फिरतं आणि दाखवायचा कान, हे मला काही पटलं नाही. पंकजनं मात्र सुट्टी टाकली आणि मला घेऊन गेला. किन्हवलीला जीपमध्ये तुमच्या डोळखांबकडची माणसं चढली. एका बाईची पदर खोचायची ढब तुझ्यासारखी होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तुझ्या इतक्या जवळून मी गेलो आणि तसाच परत आलो, हेही तुला सांगायला हवं.

त्या मॅडमचं नाव कुणाली. भिवंडीकडच्या आहेत, वयानं आपल्या पंकजएवढ्या. त्यांनी मला खाटेवर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि मला झटकन मागे निजवलं, डोकं खाटेबाहेर लोंबतं ठेवून. सगळी खोली फिरली. मी त्यांचा हात घट्ट धरला. त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या आणि सांगत राहिल्या, "घाबरू नका काका. कानाच्या आत बारीक कण असतात. ते जागचे सुटलेत, म्हणून फिरल्यासारखं होतं. आपण त्यांना परत जागेवर नेऊ." मग हळूहळू मान डावीकडे, मग अंग कुशीवर, मग उठून बसायचं. थोड्या वेळानं परत एकदा. बाईजा, चार दिवसांची चक्कर पाव तासात गेली. मी पायात चपला घालायला लागलो.

मॅडम म्हणाल्या, "काका, मघाशी मी तुमच्या मागे उभी राहून तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही."

"चक्कर व्हती ना, म्हणून."

"असेल. तरी कान तपासून घेऊ."

एका लहान खोलीत बसवतात. दार लावलं की बाहेरचं काही येत नाही. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. समोर काच होती आणि काचेपलीकडे मॅडम. थोडा वेळ मी बटण दाबत राहिलो, बरं चाललंय असं वाटलं. मग त्या दार उघडून आत आल्या आणि खाली वाकून, माझ्याकडे बघत बोलल्या, "काका, गेल्या पाच वेळी मी काहीच वाजवलं नव्हतं. तुम्ही माझा खांदा बघून दाबताय."

त्या रागावल्या नव्हत्या. पण मी चोर सापडावा तसा झालो. बारा वर्षं मी हेच करत आलोय. समोरच्याचे ओठ बघायचे, चार माणसं हसली की हसायचं, कळलं नाही तर "हां, बरोबर" म्हणायचं. पत्र्याच्या प्रेसवर सव्वीस वर्षं काढली, तिथं सगळेच ओरडून बोलायचे, तिथं कोणाला कळलं नाही. घरी मी कमी बोलायचो म्हणून खपून गेलं. फोनवर ओठ दिसत नाहीत. पोस्टानं लिहितोय ते त्यासाठी. आईच्या वर्षश्राद्धाला तू फोन केला होतास, मी भलतंच काहीतरी बोलून ठेवून दिला. तू काय विचारलंस ते मला अजून माहीत नाही.

मॅडमनी माझी खुर्ची फिरवून भिंतीकडे केली. मग मी बसून राहिलो. बटणावर अंगठा ठेवून बसलो आणि काही येईना. पलीकडे त्या वाजवत असणार, एकामागून एक, हे मला कळत होतं. माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तेव्हा मला आपली मागची पडवी आठवली.

नंतर त्यांनी कागदावरची माझ्या ऐकण्याची रेघ दाखवली. डावीकडे जरा बरी, मग नाणेघाटाच्या कड्यासारखी सरळ खाली. म्हणाल्या, हे यंत्रांच्या आवाजानं होतं, पुष्कळ वर्षांचं आहे, गेलेलं परत येत नाही, पण मशीन लावलं तर बरंच भागेल. पंकज बाजूलाच उभा होता. मी विचारलं, "सहा वर्षांपूर्वी किती असंल?"

"नक्की कसं सांगू? पण फार वेगळं नसणार."

"म्हातारं माणूस. आवाज थकलेला. मधे दोन भिंती. ऐकू आलं असतं?"

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "नाही काका. आलं नसतं."

पंकजनं मला रस्त्यात विचारलं, कोण हाक मारत होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती माझी शेवटची लबाडी.

आता ते सांगतो. तू विचारलंस तेवढ्याला मी तेव्हा उत्तर दिलं होतं, आणि तेही खोटं.

होळीनंतरचा रविवार होता. तुझी वहिनी माहेरी लग्नाला गेली होती. दुपारी आईला पेज देऊन मी पुढे ओटीवर कुंपणाच्या कामट्या सोलत बसलो. आई मागच्या पडवीत न्हाणीपाशी पडली. मी दीड तास कामट्या सोलत होतो. मंगळू राब भाजायला सुक्या पानांचा पातेरा घेऊन मागच्या वाटेनं आला, त्यानं तिची हाक ऐकली. तो धावत पुढे आला आणि माझा खांदा धरून हलवला, तेव्हा मला कळलं.

दवाखान्यात तू मला जिन्यापाशी गाठलंस. अगदी माझ्यासमोर उभी राहिलीस, म्हणून शब्द न् शब्द कळला. "आई दीड तास हाका मारीत व्हती. तुला ऐकू नाय आल्या?"

मी म्हणालो, "आल्या. म्हटलं, तिचं नेहमीचंच असतं."

विसाव्या दिवशी आई गेली. दहाव्याला तू आलीस, पाणी न पिता गेलीस, आणि परत या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नाहीस.

असं का बोललो? कंपनीत त्या महिन्यात कानांची तपासणी होणार होती, आधी दोघांना घरी बसवलं होतं, ही भीती होतीच. पण कंपनी सुटल्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी अडवलं होतं? खरं एवढंच की हलकट मुलगा म्हणवून घेणं मला जमलं, बहिरा म्हणवून घेणं जमलं नाही.

कान गेले यात माझा दोष नाही, असं मॅडम म्हणाल्या, पंकजही म्हणतो. पण एक गोष्ट त्यांना माहीत नाही. लग्नाला निघताना तुझ्या वहिनीनं मला विचारलं होतं, "आत्याबाईंची हाक तुमाला ऐकू येईल ना? नायतर मी नाय जात." मी म्हणालो, येईल, तू जा. बाईजा, मला हे लिहायला दोन महिने लागले.

तुझ्या वहिनीकडे गेल्या महिन्यात मी कबूल केलं. दोन दिवस ती वाढून उठून जायची. तिसऱ्या दिवशी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला माहीत व्हतं. तुमी व्हय म्हणालात म्हणून मी गेले." आता आम्ही दोघं ते घेऊन बसतो.

दिवाळीआधी दोन्ही कानांना मशीन बसवलं. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या आवाजानं दचकलो. चपला वाजतात, तांदळाचं पीठ चाळताना चाळण वाजते. तुझ्या वहिनीचा आवाज म्हातारा झालाय, तो मला माहीतच नव्हता. गर्दीत अजून घोळ होतो, फोनवर तर होतोच. मॅडम म्हणाल्या, सवय व्हायला वेळ द्या.

माझं एक मागणं आहे. माफी मागत नाही, ती तुझ्याकडे असेल नसेल. आईचा शेवटच्या सहा वर्षांतला आवाज माझ्याकडे नाही. तिचे ओठ हलताना आठवतात, आवाज येत नाही. तू तो ऐकला आहेस. कसा होता, एवढं मला कधीतरी सांग.

घरातल्या थोरांनी लहानांना शहाणपण शिकवावं, तसं माझ्याकडे काही उरलेलं नाही. तरीही तुझा

नवशादादा


*

डोळखांब
२७ नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं. दोन दिवस मी ते काढून काढून वाचत होते. शीतल म्हणाली, मामा आजारी आहे का. मी म्हटलं, नाय, बरा झालाय.

मला राग आहे. आधीच्यापेक्षा जास्त आहे. सहा वर्षं मी तुला आईला मारणारा समजून जगले. शीतलच्या साखरपुड्याला तुझं नाव यादीतून मी माझ्या हातानं खोडलं. तू एक वाक्य खरं बोलला असतास तर हे झालं नसतं. हे तुला माहीत असू दे.

आता माझं ऐक. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, हाक मारलीस ना? ती म्हणाली, "नाय गो, मला डोळा लागला व्हता." मला कळलं, ती तुला झाकते. मग तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "नवशाला काय बोलायचं तं त्याच्या तोंडासमोर उभी ऱ्हाऊन बोल." मला वाटलं, पाठीमागे कुजबुजू नको, तोंडावर जाब विचार, असं सांगते. म्हणून मी तुला जिन्यात गाठलं.

तुझं पत्र वाचल्यावर कळलं ती काय सांगत होती. तिला ठाऊक होतं, दादा. ती मला तुझ्याशी बोलायची रीत सांगत होती, आणि मी तिचा शब्द ऐकूनसुद्धा चुकीचा ऐकला. मला तर कानांचं काही नव्हतं.

आईचा आवाज कागदावर मला लिहिता येणार नाय. पुढच्या गुरुवारी तू मॅडमकडे येशील ना? मी सकाळी शहापूरच्या स्टँडवर येते. वहिनीलाही आण. मी माफ केलं असं लिहीत नाय, कारण तसं अजून झालेलं नाय. पण तुझ्या समोर बसेन आणि ती शेवटच्या दिवसांत जे जे बोलली ते तुला कळेपर्यंत परत परत सांगेन.

धोंडूबाईची लेक,
बाईजा