तुम्ही न दिलेली जबान

बाबा, आज मी एका माणसाच्या पोटावर पाय दिला. जे बघितलं तेच सांगितलं, पण त्याचं काम गेलं ते माझ्या सांगण्यानं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी हे दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटेना. माझं अक्षर चौथीत होतं तसंच राहिलंय, सांभाळून घ्या.

मी कलकत्त्याला एका लहानशा विमान कंपनीत आहे. आमची विमानं माल घेऊन आसामकडे जातात. विमान येऊन उभं राहिलं की चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे आणि निघताना ओढून घ्यायचे, हे माझं काम. काम हलकंच आहे, पण त्या जागेवरून एक गोष्ट दिसते जी ऑफिसातल्या कोणाला दिसत नाही. उडायच्या आधी वैमानिकानं विमानाभोवती एक फेरी मारायची असते. टायर, पंख, शेपटी, सगळं डोळ्यांनी बघायचं, हात लावायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला भाट्याच्या खाडीवरचे तुम्ही आठवलात. पलीकडे जायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण मोठ्या बोटीवर खलाशांची टोळी चालवणारे तुम्ही होडीच्या फळ्यांवरून तळवा फिरवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाहीत. लोक खोळंबायचे. होडी हाकणारा तांडेल म्हणायचा, "सारंगसाहेब, होडी बघताय की पोरीला बघायला आलाय?" मला लाज वाटायची. मी मागे तोंड फिरवून उभा राहायचो.

तुम्ही रजेवर आलात की आपल्या पडवीत माणसं बसून असायची. कोणाला मुलगा बोटीवर चढवायचा असे, कोणाला भाचा. खलाशाच्या परवान्याची नळी हातात असून उपयोग नसे, सारंगानं नाव घेतलं तरच बोटीवर जागा, हे सगळ्यांना ठाऊक. कोणी आंबे आणी, कोणी सुरमई, आणि तुम्ही ते सगळं परत पाठवायचात. तुमच्या शेवटच्या रजेत एका रात्री मात्र पडवीतलं कोणी नव्हतं. चुलीपुढे आपण तिघंच. आई तांदळाची भाकरी थापतेय, मी सुकट-भाकरी खातोय, आणि तीच माझ्या वतीनं बोलते, की सगळ्या गावाची पोरं नेता, एकदा आपल्याला न्या. मी सतरा वर्षांचा. त्या एका वर्षात मी कौलांचा कारखाना सोडला होता, छापखाना सोडला होता, बंदरावरची हमाली सोडली होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ज्याच्यासंगती मी पाण्यात गेलो नाय, त्याची जबान मी देनार नाय. आनि तू तर निम्म्यातनं उठतंस." मी ताटात अर्धी भाकरी टाकून उठलो. दारापर्यंत गेल्यावर कळलं की तुम्ही म्हणालात तेच मी केलं. पण मागे फिरायला तोंड नव्हतं. तुम्ही पुन्हा बोटीवर गेलात ते आलाच नाहीत.

आता आजचं सांगतो. कंपनीत एका वैमानिकाची जागा होती. लायसन असलेली मुलं इथे काम मागत फिरतात, बाबा, आपल्या पडवीत बसायची तशीच. दोघांना पंधरा दिवस कप्तानाच्या शेजारी बसवून बघायचं ठरलं. एक रेल्वेतल्या गार्डाचा मुलगा, हात हलवत आलेला. दुसरा रत्नागिरीचा, आपल्या वकिलांचा धाकटा. त्याच्याकडे तीन शिफारशीची पत्रं, त्यातलं एक दिल्लीच्या बड्या माणसाचं. माणूस वाईट नाही. मी गाववाला निघालो म्हटल्यावर त्यानं आईनं दिलेल्या बरणीतलं अर्धं लोणचं मला दिलं. "सारंगाचा मुलगा आणि विमानाला ठोकळे लावतोस?" म्हणून हसला, पण तोडून बोलला नाही. परवा मात्र हसत नव्हता. म्हणाला, "मोठे कप्तान तुला विचारतात म्हणे. आपल्या गावचा आहे, एवढं तरी सांग. वडिलांनी माझ्या शिक्षणापायी बाग विकलीय." मी मान हलवली. ती त्यानं हो समजून घेतली असणार.

वैमानिक निवडणारे मोठे कप्तान खरंच विचारतात. ऑफिसात बोलवत नाहीत, चाकापाशी येऊन उभे राहतात. आज सकाळी त्यांनी विचारलं, दोघांपैकी फेरी कोण मारतो. पंधरा दिवसांत चारदा पाऊस होता. गार्डाचा मुलगा चारही वेळा भिजला, गुडघ्यावर बसून चाकं बघितली. आपला वकिलांचा मुलगा चारही वेळा अंगातला कोट सांभाळत सरळ शिडी चढला. ऊन असलं की तोही मारतो फेरी, खोटं कशाला बोलू. मी एवढंच म्हणालो, "साहेब, पाऊस असला की आमच्या गावचे फेरी मारत नाहीत." कप्तान ऑफिसकडे निघाले. दुपारी तीनही पत्रं त्याला परत मिळाली. जाताना तो माझ्यासमोरून गेला, थांबला नाही. लोणच्याची बरणी अजून माझ्या फळीवर आहे.

तुम्ही असतात तर मला शाबासकी दिली असतीत, असं मनात आलं, आणि तिथेच अडलो. कारण मी इथे कसा लागलो ते तुम्हाला माहीत नाही. इथला गोदामवाला तुमच्या हाताखाली बोटीवर होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो तेव्हा तुम्हाला जाऊन तीन महिने झाले होते, त्याला बातमी नव्हती. त्यानं एकच विचारलं, सारंगनी पाठवलं का? मी हो म्हणालो. पुढे त्याला तुमचं कळलं तेव्हा तो रडला. म्हणाला, जाता जाता पोराचं काम करून गेले. त्यानंतर कितीदा इथून पळून जावंसं वाटलं, उन्हात, पावसात, शिव्या खाताना. गेलो नाही. न दिलेली जबान तुमच्या नावावर होती.

हे घरी पाठवलं तर शेजारचा कोणीतरी आईला वाचून दाखवेल. तिलाही मी तेच सांगितलंय, की शेवटच्या पत्रात तुम्ही हो म्हणाला होतात. ते पत्र दाखव म्हणाली, तेव्हा हरवलं म्हणालो. ती अजून कधीकधी विचारते, सापडलं का म्हणून.