तेविसाव्या देशापर्यंत

३ मार्च, सोमवार

बारा टक्के! तीसही वर्षे, दरवर्षी, नेमके बारा टक्के!

बेटावरच्या एका देशाच्या पर्यावरण खात्याचे पत्र आले. "शेजारचा देश आमच्यापेक्षा अधिक कचरा जमिनीत पुरतो, तरी मिथेनच्या क्रमवारीत आम्हीच अधिक दोषी कसे?" प्रश्न रास्त. आमचा अहवाल मीच तपासावयास घेतला. बेचाळीस देश, तीस वर्षांचे आकडे. मिथेनचे टन कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणताना एक गुणक लावावा लागतो. पूर्वी पंचवीस होता, मागील वर्षी अठ्ठावीस ठरला. पहिल्या तेवीस देशांना अठ्ठावीस लावला आहे, उरलेल्या एकोणिसांना जुना पंचवीस तसाच, म्हणजे पहिल्यांच्या माथी बारा टक्के जादा! दोन मापे ठेवणाऱ्या वाण्याला लोक दारात उभे करीत नाहीत. आम्ही तर अहवाल छापून जगभर वाटला.

तक्ता सहायिकेच्या ताब्यात असतो. उद्या विचारतो.

४ मार्च

विचारले. "हे तुम्ही पडताळले नव्हते?"

"नाही सर. चुकलंच."

बस्स! सबब नाही, खुलासा नाही. मान खाली घालून उभी. दोन वर्षे कंत्राटावर आहे, कामाला चोख वाटली होती. सबब सांगितली असती तर निदान रागवायला धड जागा मिळाली असती.

कन्येचा दूरध्वनी, आजचा तिसरा. "बाबा, जेवलात का?" मी म्हणालो, "या प्रश्नाचे उत्तर दुपारी दिलेले आहे."

"बाबा, मी काय तुमच्या ऑफिसात आहे का असं बोलायला?"

५ मार्च

हिला जाऊन आज चार महिने. चहात साखर किती, हे चौतीस वर्षांत मला ठाऊक असण्याचे कारण पडले नाही. आज तीनदा ओतून दिला.

६ मार्च

संचालकांना दुरुस्त आवृत्तीत रंगीत आलेख हवा. कोण सुधारले, कोण बिघडले, एका पानात. मी समजावले, की एखाद्या देशाने आज कचराभूमीला कुलूप ठोकले, तरी पुरलेला कचरा पुढील तीस-चाळीस वर्षे कुजत राहतो, वायू सोडत राहतो. यंदाच्या आकड्यात आजोबांच्या पिढीचा कचराही असतो.

"मग कुलूप लावून फायदा काय?"

कपाळ माझे! पालथ्या घड्यावर पाणी.

जाताना म्हणाले, "त्या पोरीचं कंत्राट याच महिन्यात संपतंय. बेटवाल्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. तुम्ही टिपण द्या, मी बघतो."

टिपण लिहिले. "हलगर्जीपणा अक्षम्य आहे. मुदतवाढ देऊ नये." 'अक्षम्य' दोनदा खोडले, दोनदा लिहिले. सोमवारी सादर करीन.

९ मार्च

कन्या येऊन गेली. फ्रीज उघडून पाहिला आणि आतले शिळे डबे घासून ठेवले. रागावली असती तर बरे!

१० मार्च, सोमवार

चूक कोणत्या तारखेला झाली ते टिपणात हवे, म्हणून तक्त्याच्या जुन्या प्रती काढल्या. प्रत्येक बदलापुढे वेळ आणि नाव नोंदलेले असते.

तेविसावा देश: ५ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे. चोविसाव्याला हातच लागलेला नाही.

नाव माझे.

त्या सकाळी यादीतील देशांना एकेक करून नवा गुणक मीच लावीत होतो, तोच सहायिका दारात आली. "सर, हॉस्पिटलमधून फोन होता. आत्ता निघा." मी तसाच उठलो. पोहोचलो तेव्हा ही शुद्धीवर होती. अर्धा तास बोललो. नंतर नाही.

पंधरा दिवसांनी कामावर रुजू झालो आणि यादी पूर्ण झाली आहे असे धरून चाललो. पडताळणी न करता शेवटच्या प्रतीवर स्वाक्षरी केली. आणि गेल्या आठवड्यात त्या मुलीला पडताळणीचा जाब विचारला!

११ मार्च

टिपण फाडले. संचालकांना सर्व सांगितले.

"अहो, आता हे कशाला उकरता? ती तशीही जाणारच आहे. तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, कशाला डाग लावून घेता?"

"पत्रात माझे नाव घाला. आणि तिची मुदतवाढ मी लेखी मागतो आहे."

"तुम्ही म्हणजे ना... नाही दिली तर?"

"तर दुरुस्त आवृत्तीवर स्वाक्षरी दुसऱ्या कोणाची घ्या."

मी नमस्कार न करता बाहेर पडलो. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

१२ मार्च

पत्र गेले, माझ्या नावानिशी. मुदतवाढ एक वर्षाची. संचालक दिवसभर माझ्याकडे पाहत नव्हते. रंगीत आलेख मात्र हवाच आहे!

१३ मार्च

सहायिकेची क्षमा मागितली. विचारले, "चूक माझी आहे हे तुम्हाला ठाऊक होते?"

"पत्र आलं तेव्हाच कळलं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

तिने दार लोटले. मग म्हणाली, "त्या दिवशी फोन हॉस्पिटलनं नव्हता केला, सर. काकू स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, 'त्यांची ती यादी होऊ दे गं, मग सांग. घाई नाही.' आवाज ऐकून मला राहवलं नाही. मी लगेच येऊन तुम्हाला उठवलं. यादी माझ्यामुळेच अर्धी राहिली."

उरलेल्या एकोणीस देशांना मला पाऊण तास लागला असता. हिच्याशी बोललो होतो अर्धाच तास.