उन्हाकडची भिंत

प्रिय ठमे,

अक्षर कंपाउंडरांचं आहे, बडबड माझी. शेजारचे हे गृहस्थ जन्मभर डॉक्टरांची अक्षरं लावत बसले, आता माझं बोलणं लावतात. मध्येच हे नको लिहूया म्हणतात. मी म्हणते, लिहा.

तुझा निरोप पोचला. तुझ्या आईचं चित्र प्रदर्शनाला हवंय, पुढच्या आठवड्यात माणूस न्यायला येणार. पेपरात आलंय म्हणे, दवाखान्यातल्या औषधांनी रंगवणारी चित्रकार. हसूच आलं मला. अगं, वॉर्डात आया म्हणून तीस वर्षं मी जखमांना जांभळं औषध लावलं, तेव्हा कुणी फोटो काढला नाही. शाळा सुटली की तू तिथे यायचीस आणि काडीला कापूस गुंडाळून तेच औषध बाहुलीच्या गुडघ्यांना फासायचीस. फरशी घासायची मी. तिथून सुरू झाली तुझी कला.

पुढे तुझी आई त्याच वॉर्डात पडली. उशाशी बसून तू तिला त्याच औषधानं रंगवलंस. डोळ्यांखालची वर्तुळं, सुकलेले ओठ, हातावरचे सुयांचे डाग, काही म्हणून सोडलं नाहीस. लोकांनी वाहवा केली. ती गेली आणि चित्र माझ्या पलंगासमोर आलं. सहा वर्षं, ठमे. सकाळी डोळे उघडावेत तर लेक आजारीच. जन्मभर चादरी धुऊन थकले नाही एवढी त्या चित्रानं थकले.

आता खरं सांगते. मागच्या वर्षी मीच ते उचलून उन्हाकडच्या भिंतीवर टांगलं. जांभळं औषध उन्हात उडतं, हे चादरी वाळत घालणारीला ठाऊक नसेल होय? तुला मात्र कधी बोलले नाही. कंपाउंडर थांबलेत बघ. लिहा हो, गुन्हा माझा आहे, तुमचा नाही.

वर्तुळं गेली, डाग गेले. खालच्या तुझ्या पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या उरल्यात. त्यांत ती नुसती डोळे मिटून पडलीय, दुपारी घटकाभर आडवी व्हायची तशी. जखम भरली की रंग जातोच गं. तिच्यावर पुन्हा औषध चढवू नकोस, एवढं सांगायला हे पत्र. माणूस धाडू नकोस, तूच ये. रागवायचं ते समोर बसून रागव. अंगठ्यासाठी शाईची डबी सापडेना, म्हणून तो जांभळ्या औषधाच्या जुन्या बाटलीत बुडवलाय. खाली उमटलाय बघ. उडायच्या आत ये.

तुझीच,
आजी