दाबाखालची टकटक

४ सप्टेंबर
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीतून प्रयोगशाळेचं दार दिसतं. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिली. आज माझ्या नावाचा पांढरा कोट मिळाला. तो दोनदा घडी करून ठेवला. इथे तेल धरून ठेवणारा शेल दगड दाबतात. वहीच्या पानांसारखे थर आणि मधे काळा, चिकट ऐवज. जमिनीत खोलवर त्याचं काय होत असेल, ते पोलादी नळकांड्यात पाहायचं. यंत्र चालवणाऱ्या मामांनी बजावलं, दाब उतरवताना घाई नको, नाहीतर दगडाची पानं सुटतात. वर म्हणाले, पोरी, तू आधीच काडी, आत पडलीस तर कागद होशील.

आबा खाणीत दगड फोडतात. घण उचलण्याआधी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून कान लावतात. फुटतोस का, असं दगडाला विचारायचं. तो खणखणीत बोलला म्हणजे ‘हो’. मीही सवयीने आमच्या नमुन्याला विचारलं. मामा हसले. बोलणी पक्की झाली असतील तर कामाला लागू या, म्हणाले.

९ सप्टेंबर
दाब वाढला तशा भेगा मिटल्या, काळा ऐवज उरलेल्या फटींत सरकला. दाब काढल्यावरही तो मागे फिरला नाही. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. दगड तडकतानाचे आवाज टिपायला नळकांड्याला सेन्सर लावलाय. त्यात आज दोन टकटक आल्या. मग शांतता, कुणी कान लावून थांबावं तशी. मी सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. मामा म्हणाले, मानगुटीवर बसलं की दगडसुद्धा कुरकुरतो.

१२ सप्टेंबर
यंत्र बंद. नमुना टेबलावर. तरी टकटक. मामांनी गंमत म्हणून टेबलावर पेर वाजवून ओ दिली, आणि जागीच कोसळले. गेले. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, बरगड्या थराथराने सुटल्यात, असं कधी पाहिलं नाही.

विचारायला मीच शिकवलं त्याला.

१३
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, धक्का बसलाय, रजा घे. आता खोलीच्या भिंतीतून टकटक. मी उत्तर देत नाही. पानावर माझ्या बोटांचे काळे, तेलकट डाग. धुऊनही जात नाहीत. काल फोनवर रडायला नको होतं — आज आबांना येऊ नका म्हटलं, तर ते गाडीतच बसलेले. पोर रडते आणि बाप घरी बसेल होय, म्हणाले.

१४
आबा आले. सांगायचं होतं — छातीवर दाब — आवाज फुटत नाही. पाय उचलत नाहीत.

टकटक.

आबांनी ओळखली. अगं, ही तर आपली, म्हणाले. हसले. भिंतीला कान लावला —

पेर वाकवलं —

सुट्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे धरलंय. आबा, ओ देऊ नका. ओ देऊ —

थांबून कौतुकाने बघतायत. पोरीचं अक्षर. पण आबांना कुठे वाचता